साप कुठे गेला?

जेक रॉबर्ट्स हा अमेरिकी पैलवान रिंगमध्ये यायचा तो पोतं घेऊन. पोत्यात जिवंत अजगर. लढत जिंकली की चीतपट पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर तो अजगर सोडायचा आणि प्रेक्षक किंचाळायचे. १९९० मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जेकची साडेचार इंची प्लास्टिकची फिगर काढली, तेव्हा तिच्यासोबत एक छोटा सापही दिला. पोरांनी जेकला सांभाळलं, साप मात्र कुठल्या तरी सोफ्याच्या फटीत गेला. आज ही फिगर विकायला काढली, की गिऱ्हाईक पहिल्यांदा सापच विचारतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या शाळकरी पोरांनी हे पैलवान ओळखले ते टीव्हीवरून आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या पैलवानांच्या ट्रम्प कार्डांवरून. उंची, वजन, दंडाचा घेर सगळं तोंडपाठ! अमेरिकेतल्या पोरांच्या हातात त्याच पैलवानांच्या फिगर होत्या, आणि तीच पिढी आता त्या शोधत फिरते आहे.

सुरुवातीच्या गाजलेल्या फिगर एलजेएन कंपनीच्या. १९८४ पासून निघालेल्या या आठ इंची फिगर भरीव रबराच्या. हात-पाय वळत नाहीत, पण हाताला चांगलं वजन लागतं. आंद्रे द जायंटच्या त्यात दोन तऱ्हा आहेत, लांब केसांची आणि आखूड केसांची. १९८४ च्या अखेरीस बिग जॉन स्टड आणि केन पटेरा यांनी टीव्हीवरच्या लढतीत आंद्रेचे केस कापले होते. त्या प्रसंगाची खूण खेळण्यावरही उमटली, म्हणून संग्राहकाला दोन्ही आंद्रे हवे असतात.

हॅस्ब्रोने पैलवानांच्या अंगात स्प्रिंगा बसवल्या. हात मागे ओढून सोडला की ठोसा बसतो. त्यांची १९९४ ची शेवटची मालिका हिरव्या पॅकिंग कार्डावर आली. ती दुकानांत फारशी पोचली नाही, त्यामुळे आज तिचा भाव चढा असतो. पुढे जॅक्स आणि २०१० पासून मॅटेल या कंपन्यांनी कोपरं-गुडघे वळणाऱ्या फिगर काढल्या. जॅक्सच्या फिगरमध्ये आपला ग्रेट खलीही आहे.

जुन्या फिगरची पारख नजरेने आणि बोटांनी होते. एलजेएनची फिगर हातात आली की जाणकार आधी नाक पाहतो, मग कोपर, मग बुटांची टोकं, कारण रबरावरचा रंग घासून उडतो तो याच जागी. पांढरा रंग पिवळा पडलाय का, पायाखाली कुणी पेनाने नाव लिहिलंय का, हेही बघितलं जातं. हॅस्ब्रोच्या फिगरमध्ये स्प्रिंग ढिली आहे का, हे हात ओढूनच कळतं. पॅकबंद असेल तर सगळी तपासणी कार्डावर येते: कोपरे दुमडलेत का, प्लास्टिकचा फुगा पिवळा पडलाय का, टांगायचं भोक शाबूत आहे का, किमतीचं लेबल ओरबाडलंय का. अ‍ॅक्शन फिगर अथॉरिटीसारख्या संस्था अशा फिगरला शंभरपैकी गुण देऊन ती अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करतात.

कधी कधी एवढ्याशा खुणेने सगळं गणित बदलतं. कमाला या पैलवानाच्या हॅस्ब्रो फिगरच्या पोटावर चांदणी आहे. चांदणीऐवजी चंद्रकोर असलेल्या मोजक्याच फिगर आजवर समोर आल्या आहेत. त्यांच्यासाठी संग्राहक जीव टाकतात, आणि म्हणूनच तिथे फसवणुकीची भीतीही जास्त.

फसवणुकीचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे नव्याने दिलेला रंग. उडालेला रंग भरून काढला की फिगर लांबून कोरी दिसते. उजेडात तिरपी धरली की नव्या रंगाची चमक वेगळी पडते. फिगरसोबतच्या हरवलेल्या विजेतेपदाच्या पट्ट्यांच्या आणि सापांच्या नकलाही सर्रास मिळतात. नक्कल म्हणून विकली तर त्यात गैर काहीच नाही. अस्सल म्हणून खपवली तर तो सरळसरळ दगा आहे. नाकावरचा रंग उडालेली पण हात न लावलेली फिगर रंगवलेल्या फिगरपेक्षा केव्हाही मोलाची. त्या घासलेल्या नाकात एका पोराच्या शेकडो दुपारी आहेत.

परदेशातल्या नातेवाइकांच्या माळ्यावर किंवा जुन्या सामानाच्या खोक्यात असा एखादा पैलवान सापडलाच, तर त्याला रंग लावू नका. कोमट पाण्यात मऊ कापड भिजवून, घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसा. आणि खोकं टाकून देण्याआधी त्याचा तळ नीट झाडून बघा. जेकचा साप फार लहान आहे.