करवाढ आणि व्याजाचा दर

करवाढ झाली असता व्याजाचे दर उतरतात की चढतात, या प्रश्नास पाठ्यपुस्तकांतून बहुधा एकच उत्तर दिलेले असते. सरकारची प्राप्ती वाढली, तूट घटली, कर्जरोख्यांची विक्री कमी झाली; सबब भांडवलबाजारावरील ताण हलका होऊन दर उतरावयाचे. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. वर्धा-आर्वी रस्त्यावरील आंजी (मोठी) येथील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास जो दर द्यावा लागतो, तो मुंबईच्या रोखेबाजारातील दराच्या मागोमाग चालतोच असे नाही.

प्रथम सिद्धान्त पाहू. शंभर रुपयांचा जादा कर बसला आणि करदात्यांनी त्यांपैकी पंचाहत्तर उपभोग कमी करून व पंचवीस बचतीतून दिले असे धरू. सरकारने ही रक्कम जुने कर्ज फेडण्यास वापरली, तर सरकारी बचत शंभराने वाढते, खासगी बचत पंचविसाने घटते, आणि कर्जाऊ देण्याजोग्या निधीत पंचाहत्तर रुपयांची निव्वळ भर पडते. दर उतरतो. हीच रक्कम सरकारने खर्च करून टाकली, तर मात्र निधी पंचवीस रुपयांनी आटतो. शिवाय खर्चामुळे उत्पन्न वाढून व्यवहारासाठी पैशाची मागणीही वाढते. म्हणजे कर तोच, पण दर चढण्याकडे कल. कराचे पुढे काय होते हे कळल्यावाचून व्याजाविषयी विधान करणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

खेड्यातील बाजाराची रीत याहून वेगळी. तेथे जुना कर म्हणजे शेतसारा, आणि तो ठरलेल्या तारखेस रोखीने भरावयाचा. पीक विकण्यापूर्वी हप्ता आला की कर्ज काढणे भाग. तशा वेळी दर कितीही चढला तरी मागणी कमी होत नाही. देणारे सावकार थोडे. भरलेला पैसा खजिन्यात जाऊन गावाबाहेर पडणारा. यांत आणखी एका गोष्टीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. साऱ्याची थकबाकी हा जमिनीवरील पहिला बोजा असल्यामुळे सारा वाढला की सावकाराचे तारण तितके कच्चे होते, आणि जोखमीची भरपाई तो व्याजात करून घेतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्यास कर्ज सहज मिळे. भाव कोसळल्यावर सावकारांनी हात आखडता घेतला. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत फेरआकारणीने साराही वाढला. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा उसळला, त्यात सावकारांचे रोखे जाळण्यात आले. दंग्याचे कारण एकटा सारा नव्हे. परंतु कर्जाची मागणी वाढविणारा आणि तारण दुबळे करणारा कर पुरवठा आटत असतानाच आला, हे विसरून चालणार नाही. वर्ध्यास मालगुजारी पद्धत होती. तेथे सरकारचा आकार मालगुजार भरी व कुळे त्यास खंड देत. पुष्कळदा मालगुजार हाच सावकारही असे. तेव्हा खंडाची बाकी कर्जाच्या खात्यावर चढण्यास एक लेखणीचा फटकारा पुरे.

विसाव्या शतकातील उदाहरण १९७४ चे. घाऊक किमती वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक वेगाने चढत असताना, यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, जुलैत सक्तीच्या ठेवींचे वटहुकूम निघाले, महिनाअखेरीस पुरवणी अंदाजपत्रकाने करही वाढले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँक दर ७ वरून ९ टक्के केला. कर व व्याज दोन्ही एकदमच चढले! यात सिद्धान्ताचा पराभव मानण्याचे कारण नाही. दोन्ही उपाय मागणी दडपण्यासाठी योजलेले होते आणि दर ठरविणारा बाजार नसून मध्यवर्ती बँक होती. किंबहुना भाववाढ वजा जाता वास्तव व्याजदर शून्याखालीच राहिला.

याच वर्षी बँकांच्या व्याजप्राप्तीवर ७ टक्के कर बसला. येथे करवाढ व व्याजवाढ यांचा संबंध अगदी सरळ आहे. १४ टक्के दराने कर्ज देणाऱ्या बँकेस कर भरून तेवढेच उत्पन्न राखावयाचे, तर सुमारे १५.०५ टक्के आकारावे लागतात. हा भार ऋणकोवर किती ढकलता येईल, हे त्याला दुसरा धनको मिळतो की नाही यावर अवलंबून. आणि लहान ऋणकोला तो क्वचितच मिळतो.

उलट दिशेचे उदाहरण महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कराचे. त्याचे उत्पन्न, राज्याच्या तितक्याच रकमेची भर घालून, रोजगार हमी योजनेस वाहिलेले होते. वि. स. पागे यांच्या या योजनेचा कायदा १९७७ चा. वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे गोळा केलेला कर खर्च झाला, म्हणून रोखेबाजारात व्याज किंचित चढावयास हवे. पण खडी फोडून आठवड्याची मजुरी हाती आलेल्या कुटुंबास ज्वारीसाठी उसनवार करण्याची निकड कमी राहते, आणि सावकाराच्या दारातील मागणी तेवढी ओसरते. शहरातील पगारदारावर बसलेला कर खेड्यातील व्याजावर असा उतरतो. परिणाम मोजण्यास कठीण, दिशा मात्र स्पष्ट.

मार्च २०२१ च्या राज्य अंदाजपत्रकात तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास शून्य टक्के व्याजाची तरतूद झाली. व्याज येथे नाहीसे झालेले नाही. ते करदाता भरतो. पण ही सवलत सातबाऱ्यावर नाव असलेल्या व थकबाकी नसलेल्या खातेदारापुरती. आंजीसारख्या गावात मक्त्याने जमीन वाहणाऱ्यास जूनमध्ये सरकी व खत घेण्यासाठी खासगी सावकाराकडेच जावे लागते, आणि तेथे दर अजूनही महिन्याच्या शेकड्याने बोलला जातो.