केपांची डबी

लालबागच्या आमच्या खोलीत आईची हुक-बटणांची एक डबी होती. गोल, पत्र्याची, झाकणावरचा रंग उडालेली. ती मूळची केपांची डबी आहे, हे मला बरेच उशिरा कळले. केप म्हणजे ठासणीच्या बंदुकीला लागणारी तांब्याची इवलीशी टोपी. नळीच्या मागच्या टोकाशी एक छोटे बोंड असते, त्यावर ती बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी अशी एक बंदूक होती. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता. रिकामी झालेली डबी गावाहून कधीतरी मुंबईला आली आणि आईने तिच्यात बटणे ठेवली.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात कोकणातून आलेल्या कुटुंबांना माझी ही आठवण परकी वाटणार नाही. भिंतीवर टांगलेली बंदूक गावाकडे आणि तिचे वारस मुंबईत, अशी अनेक घरे आहेत. या लेखाचा विषय मात्र बंदूक नाही. तिला लागणारी दारू आणि केप कशी दिसेनाशी झाली आणि त्यामुळे काय झाले, हे मला सांगायचे आहे.

आधी या बंदुकीविषयी. ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचे. प्रत्येक बाराला हे सारे नव्याने करावे लागते. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती कागदाची पुडी होती. ती दातांनी फाडून आतली दारू नळीत ओतावी लागे, म्हणून चरबीचा प्रश्न आला. म्हणजे तेव्हाच्या शिपायाची एन्फिल्ड आणि आमच्या पडवीतली बंदूक एकाच पिढीतल्या. केपामागचा शोध तर त्याहून जुना. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट १८०७ साली घेतले. गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या त्याच्या बंदुकीचा उजेड दिसताच पाखरे उडून जात, म्हणून तो या शोधाकडे वळला असे सांगतात. तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली.

इतके जुने हत्यार आजच्या कायद्यात टिकून आहे, आणि तेही मानाने. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणले आणि गोऱ्यांना सूट दिली. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात शेतीच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. पिस्तुलासाठी अर्जदाराला सबळ कारण पटवून द्यावे लागते. ठासणीच्या बंदुकीला शेती हेच कारण पुरेसे मानले आहे. भात, नारळ, काजू राखणाऱ्या माणसाला एवढा आवाज करण्याचा हक्क असावा, हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांना मान्य होते.

आवाज हा शब्द मी जाणून वापरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाटेल त्या जनावरावर गोळी झाडता येत नाही. रानडुकराने पिकाची नासाडी केली तरी त्याला मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. आमच्या गावात बंदुकीचे काम मुख्यतः भात पोटरीला आल्यावर रात्री एखादा पोकळ बार काढण्याचे, किंवा माडांवर माकडांची टोळी उतरली की तिला पळवण्याचे. बार झाला की तीन-चार दिवस बाग शांत राहायची.

या बाराला दोन गोष्टी लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या कायद्यांत बसतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. शस्त्र अधिनियमातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भागही येतात आणि आघाताने पेटणारे द्रव्य असलेली वस्तूही येते. म्हणजे आईच्या त्या डबीतली प्रत्येक टोपी कायद्याने दारूगोळाच. काळी दारू मात्र सोरा, गंधक आणि कोळशाची. ती १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येते. शस्त्रांचा कारभार गृहखात्याकडे आणि स्फोटकांचा नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे केंद्राच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे. दुकानदाराने केप आणि दारू दोन्ही विकायचे म्हटले तर दोन दरबारी हजेरी, दोन नोंदवह्या, दोन तपासण्या. गिऱ्हाईक कोण, तर वर्षातून एकदा येणारा आणि परवान्यावर लिहिले असेल तेवढेच नेणारा शेतकरी. कारण वर्षाला किती घ्यायचे आणि एका वेळी किती जवळ ठेवायचे, याचे आकडे परवान्यावरच असतात. या धंद्यात नफा किती, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

मुंबईने दारूची धास्ती घ्यावी याला कारणे आहेत. रे रोडच्या बाजूच्या दारूखान्याच्या नावातली दारू पिण्याची नव्हे, तोफांची. पुढे तिथे जहाजे मोडण्याचा धंदा वाढला आणि नावाचा अर्थ मागे पडला. तिथून फार लांब नसलेल्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच जहाजावर होती. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. लालबाग-परळच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो आवाज कितीतरी वर्षे येत राहिला. अशा दाट वस्तीच्या शहरात दुकानाच्या मागच्या खोलीत दारूचे डबे असू नयेत, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटते.

आता काकांची गोष्ट. काका गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी गेले ते परतले नाहीत. आजोबांनंतर परवाना त्यांच्या नावावर झाला. जवळपासच्या ज्या दुकानातून ते दारू-केप घेत, तिथे माल येईनासा झाला, तेव्हा ते परवान्याचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मुंबईला आले. याला आता बारा-तेरा वर्षे झाली. आम्ही दोघे फोर्टापासून काळबादेवीपर्यंत फिरलो. एका दुकानाच्या जागी मोबाईलचे दुकान होते. दुसऱ्या दुकानात काचेमागे एअरगनी मांडलेल्या होत्या. म्हातारे मालक सज्जन होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, परवाना वाचला आणि ठासणीचा माल ठेवणे केव्हाच बंद केले असे सांगितले. एअरगन घ्या म्हणाले.

त्यांचा सल्ला धंद्याच्या दृष्टीने बरोबर होता. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ठरावीक शक्तीपर्यंतच्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पण तिचा आवाज होत नाही, आणि माकडाला छर्रा मारून जखमी करणे हा गुन्हा आणि पापही. काका बाहेर आले आणि म्हणाले, “केप नाय गावली तर बंदूक कित्याक व्हयी? काठी बरी.” मग स्वतःच हसले. कारण माल मिळाला असता तरी दादरहून सुटणाऱ्या गाडीत तो नेता आला नसता. रेल्वेत स्फोटक पदार्थ नेणे गुन्हा आहे. आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जात, तो काळ वेगळा होता.

ही टंचाई आपल्यापुरती नाही. अमेरिकेत आणि युरोपात झाडलेले पितळी कवच जपून ते घरी पुन्हा भरण्याचा छंद मोठा आहे. कवच, केप, दारू आणि गोळी असे चार भाग सुटे विकत मिळतात. करोनाकाळात तिथल्या दुकानांतून केप नाहीसे झाले, कारण तयार काडतुसांची मागणी वाढताच कारखान्यांनी केप स्वतःसाठी ठेवले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर धूरविरहित दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची ओढाताण सुरू झाली. टंचाई आली की सुटा माल घेणारा रांगेत शेवटी उभा राहतो, एवढे त्यातून दिसते. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि २०२१ पासून तो पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत आहे. त्याच्यापुढचे खरे गिऱ्हाईक सैन्य आहे. वर्षाला मूठभर केप घेणारा कुडाळचा शेतकरी कोणाच्याच हिशेबात नाही.

परवान्याची बाजूही आवळत गेली. प्रत्येक परवानाधारकाची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आणि तिचा क्रमांक सक्तीचा झाला. नव्या अर्जदाराला शस्त्र सुरक्षिततेचे प्रशिक्षण आवश्यक झाले. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. कोणाची जमा करायची हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते, पण सत्तरीच्या माणसाला समितीपुढे अर्ज करण्यापेक्षा बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात जाणे सोपे वाटते. यांतला प्रत्येक नियम वेगळा पाहिला तर समजण्यासारखा आहे. एकत्र पाहिले तर कोणीही न घेतलेला एक निर्णय दिसतो: शेतीसंरक्षणाची बंदूक संपवायची, मात्र तसे जाहीर करायचे नाही.

असे न घेतलेले निर्णय धोक्याचे असतात, कारण त्यांची जबाबदारी कोणावर नसते. माकडे आणि डुकरे नियम वाचत नाहीत. कायदेशीर बार बंद झाला तेव्हा त्याच्या जागी दुसरे काही येणारच होते. काही ठिकाणी खाण्यात लपवलेले गावठी बॉम्ब आले. ते डुकरासाठी ठेवतात, पण गाय किंवा कुत्राही त्यांवर तोंड घालतो आणि जबडा फुटतो. प्लॅस्टिकच्या नळीत कार्बाइडचा वायू पेटवून आवाज काढणारी ‘बंदूक’ही आली. तिला ना परवाना, ना नोंद. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच नळ्या मुलांच्या हाती खेळणे म्हणून गेल्या आणि शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. परवान्याच्या पुस्तकात नोंदलेली केप त्यापेक्षा सुरक्षित होती. ती कोणी घेतली, किती घेतल्या, कधी घेतल्या, हे सरकारला ठाऊक असे.

इतर प्रांतांनी हा प्रश्न निदान टेबलावर ठेवला. कोडगूमध्ये कोडवांना परंपरेने शस्त्र परवान्यातून सूट आहे, आणि केंद्राने २०१९ मध्ये ती दहा वर्षांसाठी पुढे चालू ठेवली. केरळने २०२२ मध्ये शेतात घुसणाऱ्या रानडुकराबाबत निर्णय घेण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. हे उपाय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. वाद होण्यासाठी आधी भूमिका असावी लागते. आपल्याकडे दोन सरळ मार्ग आहेत. ही बंदूक हवी असेल तर तालुक्याला एक अधिकृत, तपासणीखालचे विक्रीकेंद्र ठेवावे. नको असेल तर तसे सांगावे, बंदुका मोबदला देऊन परत घ्याव्यात, आणि कुंपण व नुकसानभरपाई वेळेवर द्यावी. परवाना चालू ठेवायचा आणि केप मिळू द्यायची नाही, या तिसऱ्या मार्गात शेतकरी कागदावर सुरक्षित राहतो आणि नारळ माकडे खातात.

गेल्या वर्षी काका गेले. परवाना त्यांच्याबरोबर संपला. वारस म्हणून माझे नाव पुढे आले, पण मी मुंबईत राहतो, शेती करत नाही, आणि शेतीचे खरेखुरे संरक्षण हे कारण मी कोणत्या तोंडाने लिहू? शेवटी एकविसाव्या कलमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. हवालदारांनी नळीतून फुंकर मारून पाहिली आणि विचारले, “दारू, केप काही आहे का घरात?” मी नाही म्हणालो. ते खरेच होते. काकांच्या पेटीत एक डबी सापडली होती, तिच्यात भाताचे बियाणे होते.