वातावरणवैज्ञानिक मंडळाची स्थानिक शाखा

वातावरणविज्ञानाचा अभ्यास व प्रसार यांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय मंडळाच्या, एखाद्या शहरातील वा परिसरातील सभासदांचे संघटन. शासकीय वेधशाळेहून ही शाखा भिन्न असते. अधिकृत अंदाज वर्तविण्याचा अधिकार तिला नसतो आणि तिचे काम मुख्यत्वे सभासदांची वर्गणी व फावला वेळ यांवर चालते. वेधशाळांतील व संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञ, महाविद्यालयीन अध्यापक, विद्यार्थी, निवृत्त अधिकारी आणि हौशी निरीक्षक हे सर्व तीत समान नात्याने एकत्र येतात. अंदाज वर्तविणारा आणि त्या अंदाजावर विसंबणारा यांची समोरासमोर गाठ पडण्याची स्थळे थोडी आहेत. शाखेची सभा हे त्यांपैकी एक होय.

इतिहास : हवामानाचा अभ्यास एकट्याने होण्यासारखा नाही, ही जाणीव अशा मंडळांच्या मुळाशी आहे. जर्मनीतील मानहाइम येथे १७८० मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने यूरोपातील अनेक निरीक्षकांना एकसारखी उपकरणे विनामूल्य पुरविली आणि सकाळी ७, दुपारी २ व रात्री ९ या ठराविक वेळी नोंदी घेण्याची पद्धत घालून दिली. पुढे युद्धांच्या धामधुमीत हे मंडळ लयास गेले. एकाकी निरीक्षक या शास्त्रात असहाय असतो, असे प्रतिपादन इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी १८३९ मध्ये केले होते. ब्रिटनमधील रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी १८५० मध्ये, तर अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी १९१९ मध्ये स्थापन झाली. स्वयंसेवकांच्या बळावर काय साधते याचे उत्तम उदाहरण मात्र जी. जे. सिमन्स यांचे आहे. १८६० मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये पर्जन्यनोंदीचे काम हाती घेतले आणि १९०० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या जाळ्यात तीन हजारांहून अधिक निरीक्षक होते.

भारतात शासकीय हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले. १८६४ चे कलकत्त्याचे चक्री वादळ व त्यानंतरचे दुष्काळ ही त्याची निकटची कारणे होत. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. ते १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी पुण्यातील इमारतीस व लगतच्या चौकास ‘सिमला ऑफिस’ हेच नाव चिकटून राहिले. भारतीय वातावरणवैज्ञानिक मंडळ (इंडियन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी) १९५६ मध्ये स्थापन झाले. देशातील निरनिराळ्या शहरांत त्याच्या शाखा असून ‘वायुमंडल’ हे त्याचे नियतकालिक आहे. पुण्यात हवामान खात्याची कार्यालये आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली उष्ण कटिबंधीय वातावरणविज्ञान संस्था ही दोन्ही असल्याने तेथील शाखेस अभ्यासकांचा मोठा आधार लाभला आहे.

वर्षाचे कार्य : कागदोपत्री वर्ष कोणतेही असो, भारतातील शाखेचे वर्ष मॉन्सूनभोवती फिरते. जानेवारी ते मार्च हा काळ सार्वजनिक कार्यक्रमांचा असतो. १५ जानेवारी हा हवामान खात्याचा स्थापना दिन आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन होय. जागतिक हवामान संघटनेचा करार २३ मार्च १९५० रोजी अंमलात आला; त्याच्या स्मरणार्थ १९६१ पासून हा दिवस जागतिक हवामान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वेधशाळा पाहण्यासाठी खुल्या ठेवण्याची प्रथा आहे. शाळकरी मुलांची गर्दी वातकुक्कुट व फुग्यास बांधलेला रेडिओसाँड यांभोवती अधिक होते. पर्जन्यमापक दिसावयास सामान्य असल्याने त्याकडे सहसा दुर्लक्ष होते, हे खेदजनक होय.

एप्रिलच्या मध्यास मॉन्सूनचा दीर्घावधी अंदाज जाहीर होतो व शाखेच्या कामास धार येते. हा अंदाज संपूर्ण देशाच्या जून ते सप्टेंबर या काळातील एकत्रित पावसाचा असतो. १९७१–२०२० या काळाची सरासरी ८७ सेंमी. असून तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस ‘सामान्य’ समजतात. देशाचा पाऊस सामान्य ठरूनही एखादा तालुका कोरडा राहू शकतो. अंदाजावरील व्याख्यानात ही गोष्ट प्रथम सांगावी लागते. दैनंदिन अंदाजातील शब्दांनाही ठराविक अर्थ असतात. एखाद्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्क्यांसाठी ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्क्यांसाठी ‘बऱ्याच ठिकाणी’ व त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’ असे म्हणतात. हे शब्द पावसाचा विस्तार सांगतात, त्याचा जोर सांगत नाहीत. श्रोत्यांचा गैरसमज बहुधा येथेच होतो.

मे महिन्यातील वळीव आणि मॉन्सून यांतील भेद समजावून देणे हे महाराष्ट्रातील शाखेचे कदाचित सर्वांत उपयुक्त काम म्हणता येईल. वळवाचा पाऊस तापलेल्या जमिनीवरील ऊर्ध्वगामी प्रवाहांमुळे दुपारनंतर गडगडाटासह पडतो व थांबतो. मॉन्सूनचे आगमन जाहीर करण्यासाठी मात्र केरळ व लगतच्या प्रदेशातील १४ ठरावीक केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिमी. वा अधिक पाऊस, पश्चिमी वाऱ्यांच्या थराची पुरेशी जाडी आणि ढगाळपणाचा निदर्शक असे उत्सर्जित प्रारण या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केरळातील आगमनानंतरही प्रवाह रेंगाळू शकतो. मृगाच्या सुमारास पडलेल्या एकदोन सरींवर विसंबून पेरणी केली आणि पुढे दोनतीन आठवडे उघडीप राहिली, तर बियाणे व खत वाया जाऊन दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. तो अनेकदा कर्जाऊ पैशातूनच भागवावा लागतो.

जून ते सप्टेंबर या काळात सभा विरळ होतात, कारण अंदाज वर्तविणारे सभासद पाळीवर असतात. या महिन्यांत खरे काम हौशी निरीक्षकांचे असते. प्रमाणित पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंमी. उंचीवर समपातळीत असावी लागते आणि झाड वा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी लागते. गच्चीवर मापक ठेवल्यास वाऱ्यामुळे नोंद कमी येते. वाचन रोज सकाळी ८.३० वाजता घेतात व आधीच्या २४ तासांचा पाऊस वाचनाच्या दिनांकाखाली लिहितात. नवख्या निरीक्षकाची चूक प्रायः या दिनांकातच होते.

अशा नोंदींचे मोल मुंबईच्या उदाहरणावरून ध्यानी येते. २७ जुलै २००५ रोजी सकाळी ८.३० पर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४.२ मिमी., तर सु. २५ किमी. अंतरावरील कुलाबा येथे अवघा ७३.४ मिमी. पाऊस नोंदला गेला. (लोकांच्या स्मरणात हा २६ जुलैचा पाऊस आहे, नोंदवहीत मात्र तो २७ तारखेखाली आढळतो.) दोन वेधशाळांच्या मधल्या वस्त्यांत काय घडत होते, हे कळण्यास दाट जाळ्यावाचून उपाय नाही.

मॉन्सून परतल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हंगामाचे परीक्षण होते. एप्रिलमधील अंदाज व प्रत्यक्ष पाऊस शेजारी मांडले जातात. हा प्रसंग सर्वांनाच रुचतो असे नाही. पण तो टाळणारी शाखा केवळ समारंभ करणारी ठरते. २००२ हे वर्ष येथे आठवावे लागते. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले १६ घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात होते व त्याने बरीच वर्षे लौकिक मिळविला होता. २००२ साठी त्याआधारे सरासरीच्या १०१ टक्के पाऊस वर्तविण्यात आला; प्रत्यक्षात ८१ टक्के पडला आणि ऐन जुलैत तर जवळजवळ निम्माच पाऊस झाला. घटक व मॉन्सून यांचे सांख्यिकीय संबंध काळानुसार क्षीण होतात, हे या अपयशाने ठळकपणे पुढे आले. २००३ पासून नवी प्रतिमाने व दोन टप्प्यांत अंदाज देण्याची पद्धत सुरू झाली. यशस्वी वर्षांच्या चर्चेतून एवढे हाती लागले नसते.

वर्षाखेरीस वार्षिक सभा व पदाधिकाऱ्यांची निवड ही नेहमीची कामे उरकली जातात. ‘ट्रॉपमेट’ हे मंडळाचे राष्ट्रीय चर्चासत्र निरनिराळ्या शहरांत भरते व यजमान शाखेचे बरेच महिने त्याच्या तयारीत जातात. पुणे शाखा स्वतःची पत्रिकाही प्रसिद्ध करते. शाखांचे लेखन प्रामुख्याने इंग्रजीत असते. वळीव व मॉन्सून यांवरील व्याख्यान मराठीत झाले, तरी त्याचे टिपण मराठीत छापले जाईलच असे नाही, आणि ज्या शेतकऱ्यासाठी ते दिले गेले त्याच्यापर्यंत ते बहुधा ऐकीव स्वरूपातच पोहोचते.