'सिन्स' की 'फॉर'? विचारा मराठीला!

कॅम्पस इंटरव्ह्यूचा पहिला प्रश्न ठरलेला: स्वतःबद्दल सांगा. समजा, तुम्ही वाकोल्यात राहता, कलिना कॅम्पसला शिकता आणि बीकेसीतल्या नोकरीवर तुमचा डोळा आहे. तुम्ही झोकात म्हणता, 'आय ॲम स्टेइंग इन वाकोला सिन्स थ्री इयर्स.' समोरच्याला सगळं कळतं, कारण आपल्याकडे सर्रास असंच बोलतात. पण हेच वाक्य नोकरीच्या अर्जात गेलं, तर खटकतं.

गोची कुठे होते? आपल्या 'पासून'मध्ये! 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून', दोन्हीकडे आपलं काम एकाच शब्दात भागतं. हिंदीतही एकच 'से'. इंग्रजीने मात्र कामं वाटून दिली आहेत. 'सिन्स'ला सुरुवातीची वेळ लागते: सिन्स मंडे, सिन्स 2023. 'फॉर'ला कालावधी लागतो: फॉर टू अवर्स, फॉर थ्री इयर्स.

गोंधळ झाला, तर मराठीतच चाचणी घ्या. 'पासून' काढा आणि आधी 'गेले' किंवा 'गेली' लावा. 'गेली तीन वर्षं राहतोय' छान जमतं, म्हणजे 'फॉर'. 'गेली 2023 राहतोय' असं कुणी म्हणेल का? मग तिथे 'सिन्स'.

व्याकरणातही दोघांची पत वेगळी. 'सिन्स मंडे'मध्ये 'सिन्स' प्रिपोझिशन आहे. 'सिन्स आय जॉइन्ड कॉलेज'मध्ये तो दोन वाक्यं जोडतो, म्हणजे कंजंक्शन. 'एव्हर सिन्स'मध्ये तर चक्क क्रियाविशेषण! शिवाय 'कारण' या अर्थानेही तो येतो. 'फॉर' बहुतेक वेळा प्रिपोझिशनच असतो. 'कारण' या अर्थाचा 'फॉर' आता जुन्या वळणाच्या लिखाणातच दिसतो.

आणि क्रियापद सांभाळा. 'आय हॅव लिव्ड इन वाकोला फॉर थ्री इयर्स' म्हणजे तुम्ही अजून तिथेच आहात. त्यातला 'हॅव' गळला, की ऐकणारा समजतो, तुम्ही वाकोला सोडलंत! अनुभवाबद्दल लिहिताना हाच 'हॅव' चालू नोकरी आणि सोडलेली नोकरी यांतला फरक सांगतो.

जाता जाता एक वाक्य पूर्ण करा: 'आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस ___ ट्वेंटी मिनिट्स.' आता 'ट्वेंटी मिनिट्स'च्या जागी 'नाइन ओ'क्लॉक' टाका. शब्द बदलला ना? मग जमलं. आणि हो, 'बस'च्या आधीचा 'फॉर' वेळेचा नाही, तो आपला 'साठी'!