गाडीखालचे डिझेल आणि गाडीवरचे कापड

कापडाच्या धंद्यात आम्ही सूत पाहतो, रंग पाहतो, मीटर मोजून घेतो. माल ज्या गाडीतून जातो तिच्या खाली वाकून मात्र फारसे कोणी पाहत नाही. मालेगावहून भिवंडीला कापड न्यायचे आणि येताना सूत भरून आणायचे, या कामावर अजून कितीतरी जुन्या डिझेल पिकअप धावत आहेत. त्यांचे इंजिन दणकट असते. दगा देतात त्या टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळ्या.

काही वर्षांपूर्वी भाड्याच्या एका पिकअपमधून आमचा कोरा माल गेला. मागच्या चाकाजवळ डिझेलची नळी झिरपत होती, चाक ते वर उडवत होते आणि हौद्याचा पत्रा गंजून चाळणी झालेला होता. तळाच्या दोन गाठींना डाग लागले. डाग खडूच्या पुडीने शोषून, साबणाने धुऊन एखादे वेळी जातो, पण वास जात नाही. गिऱ्हाइकाने त्या दोनच नव्हे, सगळ्या गाठी परत पाठवल्या. ड्रायव्हरला विचारले तर म्हणाला, "सेठ, थोडंच झिरपत होतं, साबण लावला होता."

हे 'थोडंच' मोजून पाहावे. गाडी चालू ठेवून गळतीखाली तासभर भांडे ठेवावे. समजा तासाला ५० मिलिलिटर निघाले. दिवसाला दहा तास गाडी चालली तर अर्धा लिटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांत साडेबारा लिटर. लिटरचे नव्वद रुपये धरले तरी सव्वाअकराशे रुपये रस्त्यावर सांडले. एवढ्यात नवा होज, क्लिपा आणि मिस्त्रीची मजुरी बहुतेक वेळा भागते.

प्रत्येक गळती डोळ्यांना दिसतेच असेही नाही. टाकीतून फीड पंप डिझेल ओढून घेतो. या ओढीच्या बाजूला नळीला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मग गाडी सकाळी चार-सहा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही आणि सूत भरून कसारा घाट चढताना दम टाकते. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी थेट पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवतात. आमच्याही गाडीचा पंप एका गॅरेजने उतरवायला काढला होता. आमच्या जुन्या उस्तादांनी फिल्टरकडे येणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केले. आत बुडबुडे धावताना दिसले. दोष पंपात नव्हता, टाकीजवळच्या रबरात होता.

जिथे डिझेल दिसते तिथेच ते गळते असे समजू नये, कारण ते नळीवरून घरंगळत खाली येते आणि सगळ्यात खालच्या जागी थेंब धरते. आधी सगळा भाग चिंधीने कोरडा पुसावा (चिंध्यांना आमच्याकडे तोटा नाही), वर खडूची पूड भुरभुरावी आणि थोडा वेळ इंजिन चालवावे. पूड ज्या जागी आधी ओली होईल तिथे दोष. बहुधा तो तीनपैकी एका ठिकाणी निघतो: रबराच्या होजमध्ये, क्लिपेखाली चिखल साचून गंजलेल्या लोखंडी नळीत, नाहीतर बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशरमध्ये. ते वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात. बोल्ट खोलला की वॉशर नवे घालावेत, त्यात काटकसर नको.

होज म्हणजे आत रबर आणि त्यावर दोऱ्याची वीण, म्हणजे एका अर्थाने आमच्याच धंद्याची वस्तू. वरची वीण भिजलेली दिसली की आतले रबर फुटले आहे असे समजावे. पाण्याची प्लास्टिकची नळी तिथे कधीही चालत नाही, डिझेलने ती कडक होऊन तडकते. डिझेलसाठीचाच होज मागून घ्यावा आणि जायची व परतीची, दोन्ही बाजूंची रबरे एकदमच बदलावीत. एक फुटले तेव्हा दुसऱ्याचे वयही तेवढेच झालेले असते.

यात डिझेलचाही हात असू शकतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. सहा डिझेल मिळते. त्यात गंधक दहा लाखांत १० भागांपर्यंतच असते, आधी बी.एस. चारमध्ये ते ५० पर्यंत चालत असे. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा काही जुन्या गाड्यांच्या पंपातून गळती सुरू झाली होती. जुन्या डिझेलने फुगून बसलेली रबरी सीले नव्या डिझेलमध्ये आक्रसली. जुनी गाडी वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

लोखंडी नळी एकाच जागी सडली असेल तर तेवढा तुकडा कापून, टोकांना कड उठवून, वर होज चढवून प्रत्येक टोकाला क्लिप लावता येते. चार जागी सडली असेल तर पूर्ण नळी नवी टाकावी. ती सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि जिथे चेसिसला घासते तिथे खाली रबर द्यावे. काम थंड इंजिनावर, बॅटरीची तार काढून आणि बिडी-काडी लांब ठेवून करावे. टाकीजवळ वेल्डिंग तर नाहीच. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा घातक.

आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्येक मिस्त्रीला सांगतो. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांची गळती बोटाने चाचपू नये. तिथला दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो, कॉमन रेलच्या गाडीत हजार पटींहून जास्त. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. असे झाले तर मलम न लावता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे. गळती शोधायला पुठ्ठा धरावा. ज्याची रोजी हातावर आहे त्याने हे विसरून चालणार नाही.

साबण लावून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरवर मात्र सगळा दोष टाकता येत नाही. एक दिवस उशीर झाला की भाडे कापायचे, अशी आमच्या बाजारात रीत आहे. ती आम्हाला पटत नाही. दिवसाचे भाडे कापले जाणार असेल तर गरीब गाडीवाला गॅरेजला जाईल कसा? साबण गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता ठीक, भिवंडीपर्यंत नव्हे. आम्ही आता माल भरण्यापूर्वी गाडीखाली एक जुना पांढरा कपडा अंथरतो आणि चहा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायला सांगतो. थेंब पडला तर माल दुसऱ्या दिवशी भरतो. भाडे तेच देतो.

दुरुस्तीनंतर हँड पंपाने हवा काढून गाडी सुरू करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोड पुन्हा पाहावेत. नवे रबर बसते, क्लिप किंचित सैल होते, म्हणून शंभरेक किलोमीटरनंतर ती परत आवळावी लागते. हातभर होज, चार क्लिपा, सहा वॉशर आणि एक पेचकस आमच्या गाडीत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, ड्रायव्हरच्या सीटखाली असतात.