फोडाच्या तळाशी

बेंगळुरूच्या के. आर. मार्केटात केळीची पानं घेताना विक्रेत्यानं विचारलं, ‘ऊटक्का?’ जेवणावळीसाठी का? मी मान डोलावली. पानं मावशीला झोपायला हवी होती. फोड फुटून तिची पाठ सोललेली. चादर चिकटते, पान चिकटत नाही.

आजार पेम्फिगस. आधीचे दोन महिने ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांत गेले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एक ताजा, न फुटलेला फोड निवडला. ‘स्वल्प नोवु आगुत्ते,’ थोडं दुखेल, म्हणत वरची साल उचलली, पाणी टिपलं आणि ब्लेडच्या बोथट कडेनं तळ हलकेच खरवडला. रक्त येऊ द्यायचं नाही, नाहीतर नमुना बिघडतो. ओलावा काचपट्टीवर पसरून वाळवला, वर गिम्साचा रंग. मलेरियासाठी रक्त तपासतात तोच. पंधराएक मिनिटांनी मलाही बघू दिलं. निरोगी त्वचेच्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसतात. इथे त्या सुट्या, गोल झालेल्या. केंद्रक मोठं, जांभळं, कडा गडद निळी. पेशींना जोडणाऱ्या डेस्मोग्लीन प्रथिनांवर मावशीच्याच प्रतिपिंडांनी घाला घातला होता.

ही तपासणी १९४७ची, पॅरिसच्या आर्नो त्झांक यांची. हे गृहस्थ फ्रान्समध्ये रक्तसंक्रमणाचेही अध्वर्यू! त्वचेच्या या दुखण्यात रक्त असं सारखं आडवं येतं. बाईंनी लगेच मावशीची मान आणि काखा चाचपल्या. लिम्फोमा किंवा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया अशा रक्ताच्या कर्करोगांच्या सोबतीनं येणारा पेम्फिगसचा एक प्रकार आहे, १९९०मध्ये वेगळा ओळखला गेलेला; त्यात तोंड फार वाईट सोलतं. मावशीला गाठ नव्हती, रक्तपेशींची मोजणीही ठीक.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचांची पल्स-पद्धत, म्हणजे ठरावीक अंतरानं औषधांचे मोठे डोस, पेम्फिगसच्या उपचारासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली. तिच्यातलं सायक्लोफॉस्फमाइड पांढऱ्या पेशी पाडतं, म्हणून रक्त पुन्हापुन्हा तपासायचं. मावशीला मात्र रिटुक्सिमॅब ठरलं. मूळ औषध लिम्फोमाचं, अमेरिकेत १९९७ला मंजूर. पेम्फिगससाठी मंजुरीला २०१८ उजाडलं. ते रक्तातल्या बी पेशी संपवतं, आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच तयार होतात.

औषध द्यायची खोली कर्करोगाच्या रुग्णांची. थंडी-ताप भरला तर थांबवता यावं म्हणून थेंब सुरुवातीला अगदी सावकाश सोडतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, ‘निमगू ब्लड कॅन्सरा?’ तुम्हालाही?

‘इल्ला,’ मावशी म्हणाली, ‘चर्म.’

बाईनं एकदा तिच्या सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या.