धारचा लोहस्तंभ आणि आठाचा नियम

माळव्यात पवार घराण्याची राजधानी असलेल्या धार नगरीत, लाट मशिदीच्या आवारात, एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. परंपरेने हा स्तंभ राजा भोजाच्या काळाशी, म्हणजे अकराव्या शतकाशी जोडला जातो. तिन्ही तुकड्यांची मिळून लांबी १३ मीटरच्या आसपास भरते. शतकानुशतके उन्हापावसात राहूनही हे लोखंड गंजून नाहीसे झालेले नाही.

दिल्ली आणि धार येथील स्तंभांचा अभ्यास आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. कोळशाच्या जुन्या भट्टीत चुनखडी वापरली जात नसे, त्यामुळे खनिजातील फॉस्फरस लोखंडातच राहून जाई. पुढे गंज धरू लागला की याच फॉस्फरसापासून फॉस्फेट तयार होते आणि त्याचा पातळ थर आतील धातूचे रक्षण करतो. दिल्लीच्या स्तंभावर असा थर आढळला आहे.

हे फॉस्फेट कागदावर मांडताना अकरावीचा विद्यार्थी हमखास अडखळतो. १९१६ साली गिल्बर्ट लुईस यांनी मांडलेल्या पद्धतीत संयुजा इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवतात आणि प्रत्येक अणूभोवती आठ ठिपके पुरे करतात. फॉस्फेट आयनात फॉस्फरसाचे ५, चार ऑक्सिजनांचे २४ आणि तीन ऋण प्रभारांचे ३, असे एकूण ३२ इलेक्ट्रॉन असतात. फॉस्फरस मध्यभागी ठेवून चार एकेरी बंध काढले की ८ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. उरलेले २४ ऑक्सिजनांभोवती वाटले की सर्वांची अष्टके पूर्ण होतात.

मग अडचण कोठे येते? औपचारिक प्रभार मोजला तर फॉस्फरसावर अधिक एक आणि चारही ऑक्सिजनांवर उणे एक येतो. एका ऑक्सिजनाची एकाकी जोडी बंधात वळवून दुहेरी बंध काढला, तर फॉस्फरसाचा प्रभार शून्य होतो. मात्र त्याच्याभोवती दहा इलेक्ट्रॉन जमतात. यालाच विस्तारित अष्टक म्हणतात. देवास नगर थोरली पाती आणि धाकटी पाती यांच्यात खरोखरच वाटले गेले होते. येथे मात्र दुहेरी बंध कोणा एका ऑक्सिजनाच्या वाट्याला येत नाही. प्रयोगात चारही बंधांची लांबी सारखीच आढळते. म्हणून चार रचना काढून संस्पंदन दाखवावे लागते.

नायट्रोजनाला हे साधत नाही. तो दुसऱ्या आवर्तातील लहान अणू आहे आणि त्याच्या बाह्य कवचात चारच कक्षिका असतात. म्हणून फॉस्फरसाचा पेंटाक्लोराइड होतो, नायट्रोजनाचा होत नाही. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये तर सहा बंधांमुळे सल्फरभोवती बारा इलेक्ट्रॉन मांडावे लागतात. जुनी पुस्तके याचे श्रेय डी कक्षिकांना देतात; आधुनिक गणनांनुसार त्यांचा वाटा अल्प असून अणूचा मोठा आकार अधिक महत्त्वाचा ठरतो.

म्हणून फॉस्फेटची कोणतीही एक रचना घोकू नये. आधी एकूण इलेक्ट्रॉन मोजावेत, मध्यवर्ती अणू तिसऱ्या किंवा पुढच्या आवर्तातील आहे का ते पाहावे, आणि शेवटी औपचारिक प्रभार तपासावा. ठिपके ही हिशेबाची वही आहे, अणूचे छायाचित्र नव्हे. हे ध्यानात ठेवले, तर दहा किंवा बारा इलेक्ट्रॉन पाहून गोंधळण्याचे कारण उरत नाही.